विजेच्या बिलाबाहेरील किंमत

पुण्यांतील घरीं विजेचें बिल येतें, तेव्हां आम्हीं काय भरावयाचें तें त्यांत दिसतें. दुसऱ्यांनीं काय भरलें तें दिसत नाहीं. तें आज पाहूं.

१. भूमि. मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील शेतें गेलीं. १९२१ सालीं शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्यासह सत्याग्रह केला; तथापि धरण झालें, व वीज मुंबईस गेली.

२. श्वास. देशांतील निम्म्याहून अधिक वीज अद्याप कोळशापासून होते. त्याच्या धुरांतील गंधक आवरण्याचा नियम २०१५ सालीं झाला. २०२५ सालीं बहुतेक केंद्रांस त्यांतून सूट मिळाली. यंत्राचा खर्च अखेर ग्राहकाच्या दरांत चढतो हें खरें. परंतु यंत्र न बसविल्यानें किंमत बुडत नाहीं, ती केंद्राजवळच्या गांवांवर पडते.

३. आपलें काम. १०० वॅटचा दिवा १० तासांत एक युनिट खातो; १० वॅटचा एलईडी दिवा १०० तासांत. महावितरणच्या घरगुती दरांत महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांपुढें दर चढतो. म्हणून काटकसर करणाऱ्याचें महाग युनिट आधीं वांचतें, आणि शेजाऱ्याचा श्वासहि.

प्रश्न: गेल्या महिन्यांत आपल्या घरीं किती वीज व्यर्थ गेली?