हरकाम्या खेळाडू : एस्तेबान बेयान

महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात मी दोन वर्षे होतो, पण माझी म्हणावी अशी जागा मला कधीच नव्हती. यष्टिरक्षकाचे बोट दुखावले की मी यष्टींमागे. सलामीचा गडी आजारी पडला की मी सलामीला. बेसबॉलमध्ये अशाला 'युटिलिटी' खेळाडू म्हणतात. आपण हरकाम्या म्हणू. त्यामुळेच की काय, त्या खेळाच्या इतिहासातील दिग्गजांपेक्षा एस्तेबान बेयान मला अधिक जवळचा वाटतो.

बेयानचा जन्म १८४९ चा, हवानाचा. क्यूबातील सधन घराणी तेव्हा मुलांना शिक्षणासाठी अमेरिकेत धाडीत. बेयान न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स कॉलेजात (आजचे फोर्डहॅम विद्यापीठ) गेला आणि शिक्षणाबरोबर बेसबॉलही घेऊन बाहेर पडला. १८७१ मध्ये बेसबॉलची पहिली व्यावसायिक संघटना स्थापन झाली, तेव्हा ट्रॉय येथील 'हेमेकर्स' संघात तो होता. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला हा पहिला लॅटिन अमेरिकन.

त्या काळी हातमोजे नसत, हे ध्यानात घ्यावे. तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्याच्या अंगावर चेंडू सणसणत येतो, आणि तो उघड्या पंजांनी अडवायचा! बेयान पहिल्या वर्षी तेथेच उभा राहिला. दुसऱ्या वर्षी कधी शॉर्टस्टॉपला, कधी पार मागच्या मैदानात. हातून चुकाही पुष्कळ झाल्या. १८७२ चा हंगाम पुरा होण्याआधीच ट्रॉयचा संघ मोडला. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्युच्युअल्स'कडून मोजके सामने, आणि कारकीर्द आटोपली. तीन हंगाम, साठेक सामने, होम रन एकही नाही. आकड्यांच्या पुस्तकात एवढीच ओळ. ती वाचून मीही प्रथम पान उलटले होते.

पण पुढचे वर्ष पाहा. २७ डिसेंबर १८७४ रोजी मातान्सासच्या पाल्मार दे हुंको मैदानावर क्यूबातील पहिला नोंदलेला संघटित सामना झाला. हवानाने मातान्सासचा ५१–९ असा धुव्वा उडवला. बेयान यावेळी कॅचर होता (येथेही नवीच जागा!) आणि त्याने तीन होम रन मारले.

स्पॅनिश राज्यकर्त्यांचा आवडता खेळ बैलझुंजीचा. क्यूबन तरुणांचे हे अमेरिकी खूळ त्यांना संशयास्पद वाटे. तरीही १८७८ मध्ये क्यूबात लीग सुरू झाली आणि पहिले अजिंक्यपद हवानाने पटकावले. संघाचा व्यवस्थापक होता बेयान. १८७९–८० आणि १८८२–८३ ची अजिंक्यपदेही त्याच्याच हाताखाली आली. १९३२ मध्ये तो हवानातच वारला.