एक्सा ब्लेड कोणतं घ्यायचं? तीन दातांचा नियम आणि एक गणिताचा तास



शाळेच्या खिडकीला लावण्यासाठी मी पातळ पत्रा कापत होतो. फ्रेमला आधीचंच ब्लेड होतं, अँगल कापायला आणलेलं. पत्र्यात अडकून त्याचे दात गळाले, मी जोर लावला, ब्लेड तुटलं आणि बोटांची सालटं निघाली. ब्लेड वाईट नव्हतं. निवड माझी चुकली होती.

इस्लापूरच्या बाजारात दुकानदार विचारतो, "कोणतं देऊ?" आपण म्हणतो, "चांगलं द्या." खरं तर सांगायला पाहिजे की काय कापायचं आहे आणि ते किती जाड आहे.

ब्लेडवरचा आकडा

हॅक्सॉ ब्लेड, म्हणजे आपलं एक्सा ब्लेड, त्यावर 14, 18, 24 किंवा 32 असा आकडा असतो. एका इंचात इतके दात, असा त्याचा अर्थ. आकडा मोठा तितके दात बारीक.

नियम एकच लक्षात ठेवा: कापताना वस्तूच्या जाडीवर कमीत कमी तीन दात टेकले पाहिजेत. जाडी कमी पडली तर पत्र्याची कड दोन दातांच्या मधल्या खाचेत शिरते आणि दात मोडतो. उलट, भरीव जाड लोखंडाला फार बारीक दात लावले तर खाचा किसाने भरतात, ब्लेड नुसतं घसरतं आणि हात दुखतो.

कशाला कोणतं?

- 14 दात: जाड, भरीव आणि मऊ धातू, जसे ॲल्युमिनियमचा जाड तुकडा.
- 18 दात: जाड पट्टी, भरीव लोखंड, घरातली साधारण कामं.
- 24 दात: जीआय पाईप, 3 मिमीचा अँगल, बांधकामाची सळई.
- 32 दात: पातळ पत्रा आणि पातळ नळी.

पीव्हीसी पाईपलाही जाडी बघूनच ब्लेड लावा, पण हात सावकाश चालवा. घाईने पाईप तापतो, मऊ होतो आणि ब्लेडला चिकटतो. पत्रा फारच पातळ असेल तर तो दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापा. आपल्या किनवट भागातल्या सागवानाला मात्र सुताराची करवतच बरी.

एखादी वस्तू कापली जाईल का, ही शंका असेल तर आधी कानस घासून बघा. कानस नुसती घसरली तर तो पोलाद कडक आहे, एक्सा ब्लेडचे दात वाया घालवू नका.

घेताना आणि लावताना

नेहमीचं ब्लेड दोन भोकांच्या मध्ये 300 मिमी, म्हणजे 12 इंच असतं. आपली फ्रेम मोजून जा. काही ब्लेड पूर्ण कडक असतात, ती वाकडा हात पडला की तुटतात. ज्यांचे फक्त दात कडक आणि पाठ लवचीक असते, ती नवशिक्याला बरी. बायमेटल थोडं महाग पडतं, पण टिकतं.

दातांचं तोंड पुढे, मुठीपासून लांब ठेवायचं. ब्लेड ताठ आवळायचं. जोर पुढे ढकलताना, मागे घेताना हात हलका. मिनिटाला 40 ते 50 फेऱ्या पुष्कळ झाल्या. अर्ध्या कापात ब्लेड बदललं तर जुन्या चिरेत नवं घालू नका. झिजलेल्या दातांनी पाडलेली चीर अरुंद असते, नवं ब्लेड त्यात अडकून तुटतं. वस्तू फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

वर्गात काय घेता येईल?

पाचवीच्या लेकरांसाठी छान गणित आहे. 1 इंच म्हणजे 25.4 मिमी. 24 दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांतलं अंतर 25.4 ÷ 24, म्हणजे साधारण 1.06 मिमी. मग तीन दात टेकायला किती जाडी लागेल? बरीच लेकरं तीनने गुणतात. त्यांना शेताचं कुंपण आठवू द्या: तीन खांब रोवले की मध्ये गाळे दोनच. म्हणून उत्तर सुमारे 2.1 मिमी. हाच हिशोब 32 ला 1.6, 18 ला 2.8 आणि 14 ला 3.6 मिमी येतो.

आता विचारा: एक सूत जाडीच्या पट्टीला 14 चं ब्लेड चालेल का? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिमी. म्हणजे 14 चं नाही चालत, 18 चं चालतं. घरी वडील किंवा काका वेल्डिंगचं, नळाचं काम करत असतील, तर हे उत्तर लेकरू त्यांना जाऊन सांगेल. आपलं गणित घरच्या कामाला येतं, हे त्याला तिथे कळेल.

दात मोजायला ब्लेड पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने पक्कं लावून द्या. कापायचं काम मोठ्यांनीच करायचं.

पालकांना एक विनंती. तुटलेल्या ब्लेडचा तुकडा घासून चाकू करायची आपल्याकडे सवय आहे, आणि तोच तुकडा दप्तरात पेन्सिल तासायला येतो. त्याला ना मूठ, ना झाकण. तुकडे कागदात गुंडाळून भंगारात द्या आणि लेकराच्या हातात शार्पनर द्या.

पुढच्या वेळी दुकानात जाताना पाईपचा किंवा पत्र्याचा एक तुकडा खिशात घेऊन जा. त्यावर तीन दात टेकवून बघा, मगच ब्लेड घ्या.