मुंबईचा दीर्घ मुक्काम : पाहुणा म्हणून नव्हे, रहिवासी म्हणून

मुंबईस येणारा माणूस पूर्वी मुख्यतः रोजगारासाठी येत असे. आजही तो येतोच. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की ज्याला मुंबईत राहण्याची हौस नसते, तरीही राहावे लागते. हा वर्ग रुग्णांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा होय. एकट्या परळ भागात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, १९२९ चे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय अशा नामांकित संस्था उभ्या आहेत. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे येथे आठवडेच्या आठवडे काढतात.

यातील बहुतेक कुटुंबे घरून निघताना दोन दिवसांचे कपडे आणि चार दिवसांचे पैसे घेऊन निघतात. तपासण्या होतात, निदान होते आणि मग डॉक्टर सांगतात की उपचार दोन-तीन महिने चालतील. येथून पुढे कुटुंबाची खरी ओढाताण सुरू होते. उपचारांचा भार हलका करण्यासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना आहेत. परंतु परगावी महिनोन्महिने राहण्याचा, खाण्याचा आणि जाण्यायेण्याचा खर्च मुख्यतः कुटुंबालाच पेलावा लागतो. औषध मिळते, पण मुक्काम निभत नाही, म्हणून उपचार अर्धवट टाकून गाव गाठण्याची पाळी येते. यास्तव मुक्कामाची योजना हा उपचारांचाच एक भाग समजला पाहिजे.

मुक्काम किती दिवसांचा?

योजना आखावयाची तर आधी मुदत माहीत हवी. कर्करोगाचे उदाहरण घेऊ. किरणोपचार, ज्यास लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते सामान्यतः आठवड्यातून ५ दिवस, याप्रमाणे काही आठवडे दिले जातात. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचाच असतो. त्यासाठी बहुधा रुग्णालयात दाखल करून घेतले जात नाही. रुग्णाने रोज यावयाचे आणि परत जावयाचे. केमोथेरपीची रीत निराळी. ती फेऱ्याफेऱ्यांनी दिली जाते आणि दोन फेऱ्यांत अनेकदा दोन किंवा तीन आठवड्यांचे अंतर असते.

यावरून मुक्कामाचे दोन प्रकार पडतात. किरणोपचार असतील तर सलग मुक्कामावाचून गत्यंतर नाही. केमोथेरपी असेल तर मधल्या काळात गावी जाता येईल काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मात्र औषध दिल्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, हे ध्यानात ठेवावे. या काळात ताप भरल्यास तो घरच्या गोळीने दडपू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गावाजवळ अशी सोय नसेल तर ते दिवस मुंबईतच काढणे श्रेयस्कर.

आणखी एक प्रश्न आरंभीच विचारण्याजोगा आहे. उपचारांची दिशा परळला ठरवून किरणोपचार घराजवळ घेता येतील काय? छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय यांसारख्या संस्था त्यासाठी आहेत. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ते शक्य होईलच असे नाही. परंतु न विचारल्यामुळे दोन महिन्यांचा मुक्काम अकारण पत्करला, असे होऊ नये. तसेच टाटा स्मारक केंद्राचाच एक विभाग नवी मुंबईत खारघर येथे आहे. उपचार परळला होणार की खारघरला, हे कळल्याखेरीज खोलीचे पैसे भरू नयेत.

मुंबईची जुनी रीत

परगावच्या माणसाने मुंबईत कमी खर्चात दीर्घकाळ कसे राहावे, याचा धडा परळ-लालबागच्या गिरणगावाने फार पूर्वीच घालून दिला आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार एकटा राहत असे. एकेका गावाच्या मंडळींनी मिळून चाळीत खोली घ्यावयाची, दिवसपाळी व रातपाळीप्रमाणे आळीपाळीने तीत झोपावयाचे आणि जेवणासाठी जवळच्या बाईकडे महिन्याची खानावळ लावावयाची, अशी ती व्यवस्था होती. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गोव्यातील गावांनीही धोबीतलाव परिसरात ‘कूड’ या नावाने ओळखली जाणारी सामूहिक वसतिस्थाने याच गरजेपोटी उभी केली.

या जुन्या व्यवस्थेत तीन सूत्रे दिसतात : राहण्याची जागा कामाच्या जागेजवळ, जेवण रोज विकतचे नव्हे तर महिन्याच्या हिशेबाने, आणि ओळखीच्या माणसांचा शेजार. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. तरी ही तीन सूत्रे आजच्या रुग्णाच्या कुटुंबालाही तशीच लागू पडतात.

जागा जवळची की फुकटची?

पुष्कळ कुटुंबे कल्याण, डोंबिवली किंवा विरार येथील नातलगांकडे उतरतात. आपुलकीचा भाग सोडला तर हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. कल्याण ते परळ हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. घरातून निघून रुग्णालयाच्या दारात पोहोचण्यास दीड तास धरला तर जाऊन-येऊन रोजचे ३ तास होतात. किरणोपचार ६ आठवडे चालले तर ३० दिवसांत ९० तास प्रवासात जातील. आणि तेही अशक्त माणसाला घेऊन, गर्दीतून. जागा फुकट मिळाली, पण रुग्णाची शक्ती खर्ची पडली, असा हा व्यवहार ठरतो. तपासणीच्या पहिल्या दोन-चार दिवसांसाठी नातलगाचे घर योग्य. रोजच्या उपचारांसाठी जवळची जागाच हवी.

अशी जागा मिळण्याचे पहिले दार म्हणजे रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवा विभाग. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, वांद्र्याचे डॉ. बोर्जेस स्मृती निवास अशा वास्तू बाहेरगावच्या रुग्णांसाठी चालविल्या जातात. अशा ठिकाणी रुग्णालयाची कागदपत्रे किंवा पत्र पाहून प्रवेश देण्याची प्रथा आहे आणि जागा लगेच मिळेलच याची खात्री नसते. म्हणून निदान झाले त्याच दिवशी समाजसेवा विभागात नाव सांगावे. फाटकाबाहेर भेटून खोली मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थाच्या हाती आगाऊ रक्कम ठेवू नये.

खासगी खोली घ्यावी लागली तर करार लेखी करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर त्यातील अटींविषयी राहणाराचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत रकमेची पावती घ्यावी. उपचार लवकर संपल्यास किती दिवसांच्या सूचनेवर जागा सोडता येईल, हेही करारात लिहून घ्यावे.

शहराच्या घड्याळाशी मेळ

मुंबईचा रहिवासी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. तो स्थानकांत व वेळेत मोजतो. सकाळची गर्दी दक्षिणेकडे आणि सायंकाळची उत्तरेकडे वाहते. रुग्णास घेऊन या प्रवाहात शिरावयाचे नसेल तर दुपारची वेळ मिळते काय, हे उपचार विभागात विचारून पाहावे. परळ हे मध्य रेल्वेचे स्थानक असून पश्चिम रेल्वेचे लगतचे स्थानक प्रभादेवी होय. २०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड असे होते आणि जुनी मंडळी अजूनही तेच सांगतात. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरील जलद गाड्या थांबतात ते दादर स्थानक परळपासून एकाच स्थानकावर आहे. खारघरला जावयाचे तर परळहून कुर्ला गाठून तेथे हार्बर मार्गावरील पनवेल गाडी धरावी.

लोकल गाडीत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. सोबत रुग्णालयाचे कागद असू द्यावेत. रोज जाणे-येणे असेल तर सोबत्याने मासिक पास काढावा. बाहेरगावाहून येताना व परतताना, रुग्णालयाच्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्रावर, रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात कर्करुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि एका सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. हे प्रमाणपत्र पहिल्याच परतीच्या वेळी मागून घ्यावे.

परळ भागात रिक्षा शोधू नये. माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहीत. तेथे मीटरची टॅक्सी किंवा ‘बेस्ट’ची बस हीच वाहने. जून ते सप्टेंबर या काळात मुक्काम असेल तर पावसाचाही विचार हवा. दादर आणि परळ यांच्या दरम्यानचा हिंदमाता परिसर सखल असून जोराच्या पावसात तेथे पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लक्षावधी माणसे जागच्या जागी अडकली होती. मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी येणार असेल त्या दिवशी लवकर निघावे किंवा रुग्णालयास आधी दूरध्वनी करावा. औषधे चार दिवस पुरतील इतकी नेहमी जवळ असावीत.

चूल आणि शिधा

दीर्घ मुक्कामात पैसा मोठ्या खर्चाने जितका संपतो त्याहून अधिक तो रोजच्या चहा-नाश्त्याने व दोन वेळच्या हॉटेलच्या जेवणाने संपतो. शिवाय उपचार घेणाऱ्यास ताजे, स्वच्छ व पचण्यास हलके अन्न लागते. धर्मशाळेत जेवणाची सोय असल्यास ती घ्यावी; खोली घेतली असल्यास लहानशी चूल मांडावी. ओळखपत्र दाखवून ५ किलोचा लहान गॅस सिलिंडर मिळतो. त्यासाठी मुंबईच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी असलेल्या कुटुंबास आपल्या शिधापत्रिकेवर, आधारची पडताळणी करून, मुंबईतील रास्त भाव दुकानातही धान्य घेता येते. गावी राहिलेली माणसे उरलेला वाटा तेथेच घेऊ शकतात. शहराच्या बहुतेक भागांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ती वेळ शेजाऱ्यास विचारून ठेवावी आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

सोबत्याची पाळी

रुग्णाची काळजी सर्वच घेतात. सोबत्याची कोणी घेत नाही. एकच माणूस दोन महिने जागरणे करतो, रांगेत उभा राहतो, स्वयंपाक करतो आणि शेवटी तोच आजारी पडतो. म्हणून गिरणीप्रमाणे येथेही पाळी हवी. पंधरा दिवसांनी सोबती बदलावा आणि बदलताना एक दिवस दोघांनी एकत्र राहावे, म्हणजे कोणता कागद कोठे आहे, कोणते औषध केव्हा द्यावयाचे, हे नव्यास समजते. गावी पेरणी-काढणी कोण पाहणार, जनावरांना वैरण कोण घालणार, मुलांच्या शाळेकडे कोण लक्ष देणार, याची वाटणी निघण्यापूर्वीच करावी. घरची चिंता मिटली नाही तर मुंबईत मन ठरत नाही, आणि उपचार सोडून जाण्याचा विचार येथूनच बळावतो.

एक वही घालावी. डाव्या पानावर उपचारांच्या तारखा व डॉक्टरांच्या सूचना, उजव्या पानावर त्या दिवसाचा खर्च. पहिल्या आठवड्याचा खर्च पाहून पुढील आठवड्यांचा अंदाज करावा आणि त्यात एका आठवड्याची भर धरावी. कारण सुटी, यंत्राची दुरुस्ती किंवा रक्तातील पेशी कमी भरणे यांमुळे उपचार पुढे जाऊ शकतात. आधारपत्र, शिधापत्रिका व तपासण्यांचे अहवाल यांच्या मूळ प्रती एका पिशवीत आणि छायाप्रती दुसऱ्या पिशवीत ठेवाव्यात. योजनेच्या लाभासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्रास पहिल्याच दिवशी भेटावे.

मुंबई हे शहर कोणासाठी थांबत नाही, असे म्हटले जाते. परंतु विचारणाऱ्यास वाट सांगणारी माणसे येथे पावलोपावली भेटतात आणि धर्मशाळेच्या ओसरीवर शेजारी बसलेले कुटुंब बहुधा आपल्यापेक्षा एक महिना आधी आलेले असते. त्याने जे ठेचा खाऊन शिकले ते आपण विचारून घ्यावे, आणि आपल्यानंतर येणाऱ्यास सांगून जावे. उपचार पूर्ण करून रुग्ण घरी परतला म्हणजे मुक्कामाचे सार्थक झाले. त्यासाठी आखणी मात्र पहिल्या दिवसापासून झाली पाहिजे.