बॉक्स कासवाचे घरातले घर



बॉक्स कासव हे उत्तर अमेरिकेतले, जमिनीवर राहणारे कासव. त्याच्या पूर्वेकडील जातीला नॉर्थ कॅरोलिनाने १९७९ साली राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला. पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते. धोका जाणवला की कासव डोके-पाय आत घेऊन हे कवच वर ओढते आणि डबीसारखे मिटून बसते. आकाराने वीतभरही नसलेला हा प्राणी नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. म्हणून त्याचे घर हौसेपुरते नव्हे, दीर्घ मुदतीच्या हिशेबाने बांधावे लागते.

रानातले कासव मात्र उचलून आणू नये. ल्युसिल स्टिकेल यांनी १९४४ पासून मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट येथे खुणा केलेल्या बॉक्स कासवांचा माग ठेवला. तीच कासवे वर्षानुवर्षे रानाच्या त्याच छोट्या तुकड्यात सापडत राहिली. अशा कासवाला दूर नेले तर ते परतीची वाट शोधत भटकत राहते. पाळायचे तर पैदास केंद्रात जन्मलेलेच घ्यावे, आणि त्याआधी राज्याचे नियम पाहावेत. भारतात परिस्थिती आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात येणारी देशी कासवे घरात ठेवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यातल्या भावंडांना हा छंद सुचवण्यात अर्थ नाही.

दुकानात बहुधा माशांची काचेची टाकीच पुढे केली जाते, आणि ती या कामाला अगदी गैरसोयीची. पारदर्शक काच कासवाला भिंत वाटतच नाही. ते दिवसभर तिला धडका देत, नखे घासत राहते. एका कासवाला किमान चार फूट बाय दोन फूट जागा हवी. लाकडी खोका किंवा गुरांना पाणी पाजायची रुंद टाकी चालते. भिंती अपारदर्शक आणि निदान दीड फूट उंच असाव्यात, कारण ही कासवे दिसतात त्यापेक्षा चपळ असतात आणि कोपऱ्यांतून वर चढतात. दोन नर एकत्र ठेवू नयेत.

या घराचा खरा आधार म्हणजे तळाचा थर. खत न घातलेली माती आणि कोकोपीट एकत्र करून १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, वर मॉस आणि फवारणी न झालेल्या झाडांचा भरपूर पालापाचोळा पसरावा. मातीची मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकी ओल पुरते. पूर्वेकडच्या कासवाला ६० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत त्याचे डोळे सुजतात आणि भूक मंदावते. देवदाराचा भुसा उग्र असतो, तो टाळावा. वाळू आणि बारीक खडी पोटात जाऊन अडकते. रंगीत काचमण्यांनाही हेच कारण लागू.

उष्णतेचा दिवा एकाच टोकाला लावावा. त्याच्याखाली सुमारे ३० अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २१-२२ अंश, म्हणजे कासव आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. अतिनील किरणांची यूव्हीबी नळीही हवी. तिच्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. हे किरण काचेतून आत येत नाहीत, म्हणून खिडकीतले ऊन हा तिचा पर्याय नव्हे. नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण क्षीण होतात, त्यामुळे ती साधारण वर्षाने बदलावी.

सजावट कासवाच्या उंचीवरून विचार करून करावी. माणसाला देखणी वाटणारी मोकळी जागा त्याला उघडी आणि धोक्याची वाटते. पोकळ ओंडका, बुचाच्या सालीचा वाकलेला तुकडा, पानांचा दाट कोपरा असे आडोसे दोन्ही टोकांना हवेत. खाणे चपट्या खडबडीत दगडावर वाढले तर चोच आणि नखे आपोआप झिजतात. जड दगड मातीवर न ठेवता थेट तळावर टेकवावेत, नाहीतर कासव खालची माती उकरते आणि दगड त्याच्यावर कलंडतो. रोपांत स्पायडर प्लांट, जास्वंद आणि बोस्टन नेचा चांगले. मराठी घरांत हमखास आढळणारा मनीप्लांट इथे नको, डिफेनबाकिया आणि कण्हेर तर मुळीच नकोत. कोवळी रोपे तुडवली आणि खाल्ली जाणारच, ती कुंडीसकट पुरली की बदलणे सोपे जाते.

पाण्याचे भांडे उथळ, कासवाच्या हनुवटीपर्यंतच पाणी राहील असे, आणि त्याला सहज चढता-उतरता येईल असे असावे. ते त्यातच डुंबते, त्यातच पिते आणि त्यातच घाण करते. पाणी रोज बदलावे. हे भांडे स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कधीही धुऊ नये आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

घरातली सोय कितीही चांगली झाली तरी ती दुय्यमच. उन्हाळ्यात अंगणातले सावली, ओलावा आणि वरून जाळी असलेले कुंपण बॉक्स कासवाला अधिक मानवते.

तुझी आत्या