कृषी पर्यटन केंद्राची वीज व भागीदारीचा करार

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानंतर शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारे शेतकरी वाढले आहेत. अशा शेतकऱ्यांकडे सौर वीज पुरविणारे व्यावसायिक येतात व म्हणतात, "छप्पर तुमचे, भांडवल आमचे, वापराल त्या युनिटचे पैसे द्या." हा व्यवहार मुळात वाईट नाही. परंतु तो बहुधा पंधरा ते पंचवीस वर्षांचा असतो. म्हणून सहीपूर्वी ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास हिशेब मांडून द्यावा.

सहा खोल्यांचे केंद्र धरू. सहा पंखे रोज दहा तास चालल्यास सुमारे साडेचार युनिट, सर्व दिव्यांस एक, शीतकपाटास दोन व एक अश्वशक्तीच्या पंपास दोन तासांचे दीड. एकूण नऊ युनिट. आता बारा पाहुण्यांच्या स्नानाचे ३०० लिटर पाणी विजेवर तापवावयाचे झाल्यास त्यालाच दहा युनिटांहून अधिक वीज लागते! म्हणजे उरलेल्या सर्व उपकरणांपेक्षा न्हाणीघर अधिक खर्चिक. ते काम सौर बंबाकडे सोपवावे. मग आपल्याकडील उन्हात रोजी सरासरी चार युनिट देणारा एक किलोवॅट, या मानाने तीन किलोवॅटचा संच पुरतो. त्यास सावली न पडणारे सुमारे ३०० चौरस फूट छप्पर हवे. याहून मोठा संच कोणी सुचविल्यास कारण विचारावे.

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या छपरावर टाटा पॉवरने २०१९ साली सुमारे ८२० किलोवॅटचा संच उभारला. ते उदाहरण विक्रेते हमखास सांगतात. परंतु शहरातील क्लबात दिवसाही विजेचा मोठा खप असतो. आपले पाहुणे दिवसा शिवारात हिंडतात व पंखे-दिवे रात्री लागतात. शिवाय शनिवार-रविवारी गर्दी आणि एरवी खोल्या रिकाम्या. तेव्हा दुपारची वीज वीजमंडळाच्या तारांत सोडून रात्रीच्या वापरात वळती करून घेणारा नेट मीटर मंजूर होणार की नाही, हे आधी ठरले पाहिजे. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बॅटरी नसलेला, तारांशी जोडलेला संच मंडळाची वीज जाताच भर उन्हातही आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या तारतंत्र्याच्या जिवासाठी ही योजना असते. रात्री तर तो काहीच देत नाही. भारनियमनाच्या गावी निदान दिवे, पंखे व पंपापुरती बॅटरी घ्यावी आणि तिचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे.

करारात प्रति युनिट दर व त्याची वार्षिक वाढ आकड्यांत असावी. पाहुणे नसतानाही ठराविक युनिटांचे पैसे देण्याचे कलम असल्यास पावसाळ्याचे रिकामे महिने मोजूनच सही करावी. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावे असतील तर सर्वांची संमती हवी. गारपीट व वादळ यांचा विमा कोणी उतरवावा, तावदाने कोणी धुवावीत, शेत विकल्यास संचाचे काय आणि मुदतीअंती तो कोणाचा, ही कलमे पुढील पिढीस भोगावी लागतात. भाषा न कळल्यास तालुक्याच्या वकिलास दाखवून घ्यावी. त्याची फी वाया जात नाही.

स्वयंपाकघराची भागीदारी मात्र शेजाऱ्याशीच करावी, असे मला वाटते. रोज १०० किलो ताज्या शेणावर सुमारे चार घनमीटर गोबरगॅस मिळतो. तो पावणेदोन किलो सिलिंडरच्या गॅसइतके काम देतो. म्हणजे घरगुती सिलिंडर आठ दिवसांत वाचतो. एवढे शेण मिळण्यास आठ-दहा जनावरे लागतात. एका दावणीला ती नसतील तर शेजाऱ्याने शेण घालावे व त्या प्रमाणात संयंत्रातील मळी खत म्हणून परत न्यावी. शेणातील नत्र बहुतांशी मळीतच राहतो, म्हणून शेजाऱ्याचा यात तोटा नाही. घमेली मोजून वहीत टिपण्याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी.