भोपाळच्या बांधावरून: चालत्या शहरातलं जुनं शहर कसं पाहावं

मराठी पर्यटक भोपाळला उतरतो तो बहुधा सांची आणि भीमबेटका पाहण्यासाठी. शहरात एक मुक्काम, संध्याकाळी मोठ्या तलावात बोटीची फेरी, आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. ज्या तलावात तो बोटीने फिरतो त्याचं पाणी अडवणारा बांध अकराव्या शतकातल्या भोजराजाचा मानला जातो, आणि येताना त्याची रिक्षा त्याच बांधावरून आलेली असते. हे त्याला कुणी सांगत नाही.

रोममध्ये लार्गो आर्जेन्तिना चौकात चार रोमन देवळांचे अवशेष रस्त्याच्या पातळीखाली उघडे दिसतात. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात रोमन क्रीडांगणाचं एक टोक भर बाजारपेठेत खोदून मोकळं केलेलं आहे. तिथे कठडा असतो, फलक असतो, आणि जुनं कुठे संपतं नि नवं कुठे सुरू होतं ते लगेच कळतं. भोपाळात जुन्यावर रस्ता आहे, बाग आहे, दवाखाना आहे, दुकानं आहेत. म्हणून इथे पाहायला थोडी शिस्त लागते. काळाच्या क्रमाने चालायचं आणि सुरुवात पाण्यापासून करायची.

आधी दिवस ठरवा. सोमवारी संग्रहालयं बंद असतात आणि शुक्रवारी मशिदींत नमाजाची गर्दी असते. हे दोन वार टाळले की उरलेला कुठलाही चालेल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळा नुकताच संपलेला असला तर तलाव भरलेला दिसतो. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेस भोपाळला थांबतात, नागपूरहून तर गाड्यांना तोटा नाही. तिकीट भोपाळ जंक्शनचं काढा, जुनं शहर तिथून जवळ पडतं. राणी कमलापती हे दुसरं मोठं स्टेशन, म्हणजे पूर्वीचं हबीबगंज. ते नव्या वस्तीच्या बाजूला आहे. पायात चटकन काढता येतील अशी पादत्राणं घाला, डोकं झाकायला ओढणी किंवा मोठा रुमाल घ्या, पाण्याची बाटली घ्या. जुन्या गल्ल्यांत गाडी घालू नका. पहिल्या दिवसाचं सगळं पायी होण्यासारखं आहे.

सकाळी सातच्या सुमारास पॉलिटेक्निक चौकात या आणि कमला पार्कच्या रस्त्याने रेतघाटाच्या दिशेने चालू लागा. डाव्या हाताला मोठा तलाव, उजव्या हाताला छोटा तलाव. मधला हा रस्ता आणि बाग ज्या उंचवट्यावर आहे, तोच कोलांस नदीवरचा जुना मातीचा बांध. इथे घाई करू नका. आधी डावीकडचं पाणी पाहा, मग रस्ता ओलांडून उजवीकडचं पाहा. उजवीकडचं पाणी बरंच खाली आहे. दोन पाण्यांमधला हा फरक डोळ्यांत भरला की पायाखालचा रस्ता बांध म्हणून दिसायला लागतो, आणि पुढचं शहरही समजायला लागतं. छोटा तलाव पुष्कळ नंतरचा. 1794 मध्ये नवाब हयात मुहम्मद खानांचे दिवाण छोटे खान यांनी पुल पुख्ता बांधला आणि खालच्या बाजूचं पाणी अडवलं. वरच्या तलावाचं पाणी बांधाखालून झिरपून आजही त्याला मिळतं. वरचा तलाव आजही शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी देतो. हे दोन्ही तलाव मिळून 2002 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. जगात प्राचीन अवशेष पुष्कळ आहेत, पण लोकांच्या नळाला पाणी देणारा अवशेष दुर्मीळ. माझ्या मते भोपाळची सर्वांत मोठी प्राचीन वास्तू हा बांध आहे, आणि तिच्यासमोर एकही पर्यटक थांबत नाही.

याच बांधावर, छोट्या तलावाच्या कडेला, राणी कमलापतीचा महाल आहे. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. सकाळचं ऊन पूर्वेकडून, छोट्या तलावावरून येतं आणि कमानींच्या आत शिरतं, म्हणून ही वेळ. कमलापती ही गिन्नौरगडच्या गोंड राजाची, निजामशाहाची, विधवा. नवऱ्याचा घात झाल्यावर तिने अफगाण सरदार दोस्त मुहम्मद खानाची मदत घेतली, आणि तिच्यामागे भोपाळ त्याच्या हाती गेलं. महाल सात मजली होता आणि पाच मजले पाण्याखाली आहेत असं गावातला प्रत्येक जण सांगेल. ऐकून घ्या, पण पाहा ते वरचं.

वर पाहण्यासारखं आहे ते बांधकाम. भिंतीचा गिलावा जिथे गळलाय तिथे जवळ जा. आतली वीट आपल्या आजच्या विटेपेक्षा कितीतरी पातळ दिसेल. तिला लखौरी म्हणतात. दोन विटांच्या मधे चुन्याचा जाड थर असतो, त्यात विटकरीची पूड मिसळलेली असल्याने त्याला फिकट गुलाबी झाक येते. आता आसपास करड्या रंगाचं, टणक, गुळगुळीत ठिगळ दिसतं का ते शोधा. ते सिमेंट. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आतल्या आत अडते, क्षार साचतात, आणि सिमेंट शाबूत राहून शेजारची जुनी वीट भुगा होऊन गळते. ही नजर इथे तयार करून घ्या, दिवसभर उपयोगी पडेल: पातळ वीट आणि गुलाबी चुना म्हणजे जुनं काम, करडं ठिगळ म्हणजे अलीकडची डागडुजी. भिंतीला नख किंवा किल्ली लावून पाहू नका. नुसत्या डोळ्यांनी सगळं कळतं.

रेतघाटावरून पुढे गेलात की तलावाच्या काठाला गौहर महाल लागतो. भोपाळवर शंभर वर्षांहून अधिक काळ बायकांचं राज्य होतं. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहान बेगम, सुलतान जहान बेगम, या क्रमाने 1819 ते 1926. मधे थोडा खंड आहे, पण हिंदुस्थानात असं उदाहरण विरळाच. गौहर महाल कुदसियाचा, 1820 चा. हस्तकलेची प्रदर्शनं भरतात तेव्हा तो सगळा उघडा असतो, म्हणून जाण्याआधी प्रदर्शन आहे का याची हॉटेलात चौकशी करा. प्रदर्शन नसेल तर रखवालदाराला नीट विचारा, अंगण बहुधा पाहू देतात.

तिथून आत वळलं की इक्बाल मैदान. त्याच्या भोवती शौकत महाल आणि सदर मंजिल. शौकत महालाच्या कमानी पाहून हे भोपाळ की युरोप असा प्रश्न पडतो. युरोपी आणि इस्लामी शैलींची अशी सरमिसळ इथे नांदली. आतल्या भागाची आशा धरू नका, बाहेरून पाहा. सदर मंजिलमध्ये शाहजहान बेगमचा दरबार भरे, नंतर कित्येक वर्षं महानगरपालिकेचं कार्यालय होतं. शेजारी सिकंदर बेगमची 1860 ची मोती मशीद, दिल्लीच्या जामा मशिदीची लहान बहीण शोभेल अशी.

आता चौकाच्या गल्ल्यांत शिरा. कुदसिया बेगमच्या जामा मशिदीच्या मिनारांवरचे सोनेरी कळस लांबूनच दिसतात, त्यांच्यावर नजर ठेवून चाललं तर वाट चुकत नाही. हा भाग म्हणजे शहर-ए-खास, तटबंदीच्या आतलं भोपाळ. इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती ही नावं ऐकून पुण्याचा माणूस क्षणभर घरी आल्यासारखा थबकतो. तट बहुतेक ठिकाणी गेला, घरांनी गिळला, पण दरवाजांची नावं पत्त्यांत राहिली. तट शोधायची युक्ती अशी: गल्ली एकाएकी अरुंद होऊन पुढे लगेच रुंद रस्ता लागला, किंवा घरांची रांग विनाकारण वळली, की तिथे थांबून घरांच्या जोत्याकडे पाहा. भिंतीत मोठे घडीव दगड दिसले तर घरमालकाला विचारा. इथल्या दुकानांपुढे दगडी पटिये असतात, संध्याकाळी लोक त्यावर बसून गप्पा मारतात. सकाळीही कुणी ना कुणी भेटतं. बसा, मीठ घातलेला चहा मागवा, आणि तुमच्या आजोबांच्या काळी तट कुठपर्यंत होता असं विचारा. कागदावरच्या नकाशापेक्षा हे उत्तर कामाचं असतं. फोटो काढण्याआधी मात्र परवानगी घ्या, ही लोकांची राहती घरं आहेत.

जेवण चौकातच उरका आणि दुपारनंतर फतेहगडाकडे निघा. मराठी माणसाने ही जागा चुकवू नये. दोस्त मुहम्मद खानाने हा किल्ला बांधला आणि पत्नी फतेहबीबीचं नाव दिलं. 1728 मध्ये तो वारला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, डिसेंबर 1737 मध्ये, निजाम-उल-मुल्क दिल्लीच्या बादशहाची फौज घेऊन बाजीराव पेशव्यांवर चालून आला आणि याच भोपाळच्या आसऱ्याला अडकला. पाठीशी किल्ला, एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला ओढा. जागा बचावाला उत्तम. तोफखानाही त्याच्याकडे जबर होता, म्हणून बाजीरावांनी समोरासमोर धडक मारण्याच्या भरीस न पडता रसद तोडली. दक्षिणेतून कुमक येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा तापीच्या बाजूला पहारा देत होते. भुकेने फौज जेरीस आली, आणि 7 जानेवारी 1738 ला दुराई सराईच्या तहात निजामाने नर्मदा ते चंबळ हा माळव्याचा मुलूख आणि पन्नास लाख रुपये खर्च कबूल केला. शाळेच्या पुस्तकात ही लढाई एका ओळीत संपते. सकाळी तुम्ही बांधावरून जे पाणी पाहिलं, ते मनात ठेवून इथे उभे राहा. ज्या पाण्याने निजामाला बचाव दिला त्यानेच त्याची बाहेर पडायची वाटही अडवली, हे इथे उभं राहिलं की समजतं.

1812 मध्ये ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी पुन्हा भोपाळला वेढा घातला. वजीर मुहम्मद खानाने शहर लढवलं आणि ते पडलं नाही. भोपाळकर हा वेढा अभिमानाने सांगतात. आपण तो मान देऊन ऐकावा.

किल्ल्याच्या आवारात आज गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय आहे. 1984 च्या डिसेंबरमधल्या वायुदुर्घटनेच्या रात्री होरपळलेली माणसं इथेच आणली गेली होती. त्यामुळे इथे आवाज कमी ठेवा, कॅमेरा पिशवीत ठेवा, रुग्णांची वाट अडवू नका. विचारत विचारत ‘ढाई सीढी की मस्जिद’ गाठा. बुरुजावर पहाऱ्याच्या शिपायांसाठी बांधलेली ही मशीद एवढी लहान आहे की चार-सहा माणसांत भरावी. दोस्त मुहम्मद आणि फतेहबीबी यांच्या कबरीही जवळच आहेत.

दिवस संपवायला ताजुल मसाजिद. शाहजहान बेगमने काम सुरू केलं, पैसा संपला, काम थांबलं, आणि 1971 मध्ये पुन्हा सुरू होऊन 1985 मध्ये पुरं झालं. अंगणात बसून पाय मोकळे करा, पण मुक्काम इथे नको, पलीकडे मोतिया तलावाकडे जा. इथे एकाखाली एक असे तीन तलाव आहेत: मोतिया, नवाब सिद्दीक हसन खान आणि मुन्शी हुसेन खान. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरावं अशी ही योजना. सिद्दीक हसन हे शाहजहान बेगमचे दुसरे पती. कडेला तिचा ताजमहाल नावाचा प्रचंड राजवाडा आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची कुटुंबं इथे राहिली, ती पुढे बैरागढला गेली. आज त्याच्या मोठ्या भागाची छपरं उरलेली नाहीत. पडक्या भागात शिरू नका, दगड सुटे आहेत. बाहेरून पाहिलं तरी या वास्तूची उपेक्षा लपत नाही, आणि ती पाहून राग यायला हवा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर सुमारे 28 किलोमीटरवरचं भोजपूर करा. तिथलं भोजेश्वराचं मंदिर अपुरं राहिलंय, आणि म्हणूनच मोलाचं आहे. लिंगाचं दर्शन घेऊन लगेच परतू नका. मंदिराच्या मागे दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार आहे. आसपासच्या कातळावर सूत्रधारांनी कोरलेल्या रेषा आहेत: खांब, शिखर, तळमांडणी. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर, त्या ठळक उठतात, भर दुपारी दिसतही नाहीत. इथेही भोजाचा बांध होता. त्यामागचा विस्तीर्ण तलाव पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने फोडला असं सांगतात. तो तलाव गेला आणि भोपाळचा राहिला.

कुठे फलक नसेल, भिंतीवर नवं सिमेंट चढत असेल, कचरा टाकला जात असेल, तर तारखेसह फोटो काढून केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या भोपाळ कार्यालयाला पत्र लिहा. बाहेरगावच्या पर्यटकाचं पत्र आलं की या जागेला कुणीतरी येतं याची तिथे नोंद होते. आणि पुढच्या वेळी सांचीचा बेत आखाल तेव्हा भोपाळला एक पूर्ण दिवस द्या, पहाटेच उठा आणि पहिली पावलं कमला पार्कच्या बांधावर टाका.