जिवंत पेशीतून इन्सुलिन बाहेर पडतं तेव्हा

वस्तीत शुगर तपासणीचं शिबिर लावलं की एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, गोळी तीच, डॉक्टर तेच, मग शुगर आता का वाढायला लागली?" शेजारची बाई लगेच सांगते की गोळीत भेसळ आहे. दुसरी सांगते, कुणाची तरी नजर लागली. खरं कारण आपल्याच पोटात, जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडात आहे, आणि ते माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कसं पाहिलं, ते आज समजून घेऊ.

आपल्या शरीरातल्या अनेक पेशी माल तयार करून बाहेर पाठवतात. लाळ, पोटातला पाचकरस, आईचं दूध, सगळं असंच तयार होतं. याला स्राव म्हणतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. तयार झालेलं इन्सुलिन त्या लगेच सोडत नाहीत. बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. एका बीटा पेशीत अशा सुमारे 10,000 पिशव्या असतात. जेवल्यावर रक्तात साखर वाढली की त्यातल्या थोड्याच पिशव्या पेशीच्या कडेला चिकटून उघडतात आणि इन्सुलिन रक्तात जातं.

माल पेशीत कुठे बनतो आणि कोणत्या वाटेने बाहेर जातो, हे जॉर्ज पॅलेड यांनी 1960 च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडावर काम करून दाखवलं. त्यांना 1974 चं नोबेल मिळालं. पण त्यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशी जिवंत राहत नसे. पाचव्या मिनिटाचा फोटो एका पेशीचा, विसाव्या मिनिटाचा दुसरीचा. लग्नाचे चार फोटो बघून वरात कशी निघाली असेल याचा अंदाज बांधावा, तसं ते काम होतं. अंदाज बरोबर निघाला, हे त्यांचं मोठेपण.

जिवंत पेशीत बघायचं तर एक अडचण आहे. पेशी जवळजवळ पारदर्शक असते, पाण्यात पाणी दिसावं तशी. म्हणून हवी ती वस्तू चमकवावी लागते. दुकानदार नोट निळ्या-जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा नोटेवरचा नंबर चमकतो, तो फ्लुरोसन्स. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा. आपल्याकडे टीबीच्या थुंकीची तपासणीही पुष्कळ ठिकाणी याच पद्धतीने होते. काचपट्टीवर ऑरामाइन नावाचा रंग घातला की काळ्या पडद्यावर जंतू पिवळे चमकतात. मात्र तिथे नमुना तापवून काचेवर पक्का केलेला असतो, त्यात जिवंत हालचाल बघायची नसते.

जिवंत पेशीसाठी उपाय समुद्रातून आला. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं, आणि 1962 मध्ये त्याची नोंद झाली. 1994 मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या जिवांत घालून त्यांनाही चमकवून दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्याचे आणखी रंग तयार केले. तिघांना 2008 चं नोबेल मिळालं. आता बीटा पेशीला असं जनुक दिलं की ती पिशवीतला माल स्वतःच चमकता बनवते.

एवढ्याने भागत नाही. हजारो पिशव्या एकदम चमकल्या तर नुसता हिरवा गोळा दिसतो. म्हणून काचेखालून प्रकाश इतका तिरका टाकतात की तो काचेवरूनच मागे फिरतो आणि पेशीचा काचेला टेकलेला अगदी पातळ थर तेवढा उजळतो, केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतका. कडेला आलेल्या पिशव्याच दिसतात, आतल्या अंधारात राहतात. पिशवीच्या आत आम्लता असते, त्यामुळे हे हिरवं प्रथिन तिथे मंद असतं. पिशवी बाहेर उघडली की आम्लता जाते, क्षणभर लख्ख चमक होते आणि माल विरून जातो. एक चमक म्हणजे एक पिशवी रिकामी. शास्त्रज्ञ बसून त्या चमका मोजतात.

मोजल्यावर काय कळलं? साखर वाढताच पहिल्या पाच-दहा मिनिटांत इन्सुलिनची एक लाट येते, मग सावकाश दुसरी. पहिल्या लाटेला कडेला आधीच येऊन थांबलेल्या पिशव्या लागतात. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी पेशी तपासल्या आणि 2018 मध्ये दाखवलं की टाइप 2 मधुमेह असलेल्यांच्या पेशीत पिशव्या कडेला येऊन चिकटण्याचं कामच मंदावतं. म्हणजे माल गोदामात, पण दाराशी रांग नाही. त्याशिवाय वर्षं जातात तशा काही बीटा पेशी थकतात, काही मरतात. गोळी तीच असते. पेशी त्याच राहत नाहीत.

आता गोळीकडे बघा. साखर पेशीत जळली की पेशीची पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियमची उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पिशव्या फुटतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या ती पोटॅशियमची दारं थेट बंद करतात, रक्तात साखर असो वा नसो. पहाटे धुण्याभांड्याच्या कामाला निघालेली बाई चहासोबत ही गोळी घेते आणि दुपारपर्यंत उपाशी राहते, तेव्हा पेशी इन्सुलिन सोडतच राहते. मग घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. मेटफॉर्मिन अशी पेशी पिळत नाही, ती मुख्यतः यकृतातून येणारी साखर कमी करते. आपली गोळी यातली कोणती, हे पाकिटावर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या.

हे सगळं बघणं काचेवरच्या पेशीचं आहे, आणि जास्त प्रकाशाने पेशीला इजाही होते, म्हणून बघायचंही मोजकंच. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडात असा दिवा लावता येत नाही. तिथे सी-पेप्टाइडची रक्ततपासणी कामाला येते. प्रत्येक पिशवीतून इन्सुलिनसोबत तेवढंच सी-पेप्टाइड बाहेर पडतं. सुईच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून सुई चालू असली तरी स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते यातून कळतं. डॉक्टरांनी सुई सांगितली आणि घरात "आता शेवटची पायरी आली" म्हणून रडारड सुरू झाली, तर ही तपासणी गरजेची आहे का, एवढं त्यांना जरूर विचारा.